पोलीस मित्र, पण कोणाचा?

अनंत चतुर्दशीला ठाणे शहरातल्या मासुंदा तलावावर दोरी धरायला उभं राहण्याचा मान आमच्या आळीतल्या पोरांना मिळायचा, त्याला आता पस्तीसेक वर्षं झाली. 'मान' हा शब्द मुद्दाम वापरतोय. दंडाला बांधायची एक कापडी पट्टी मिळायची, तिच्यावर पोलीस ठाण्याचा शिक्का. ती बांधली की आपण कोणीतरी आहोत असं वाटायचं. आमच्यावर नेमलेले हवालदार निवृत्तीला टेकले होते. संध्याकाळी पाचला आम्हाला ओळीत उभं करून त्यांनी दोनच गोष्टी सांगितल्या. कोणाच्या अंगाला हात लावायचा नाही, भांडण दिसलं की मला हाक मारायची. आणि तुम्ही इथलेच आहात, तर गर्दी कुठे अडते ते मला सांगायचं. आम्ही सांगितलं की एका कोपऱ्यावरचा दिवा गेलाय आणि नेमकी तिथेच बायका-मुलं पाण्याकडे उतरतात. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. तासाभरात दिवा लागला. रात्री दीड वाजता पट्ट्या मोजून परत घेतल्या, वहीत सह्या घेतल्या, चहा-वडापाव दिला आणि घरी पिटाळलं.

दुसरा प्रसंग मागच्या वर्षीचा. घोडबंदर रस्त्यावरच्या आमच्या संकुलाचं फाटक, रात्रीचे अकरा. पार्सल घेऊन आलेल्या एका मुलाला दोन तरुणांनी अडवलं होतं. दोघांच्या अंगात जाकिटं, पाठीवर मोठ्या अक्षरांत 'पोलीस मित्र', म्हणजे पोलिसांना मदत करणारे नागरिक स्वयंसेवक. आधार कार्ड दाखव, बॅग उघड, राहतोस कुठे, भाडेकरार आहे का. मुलगा मुकाट्याने बॅग उपसत होता, आतलं जेवण थंड होत होतं. मी विचारलं, तुम्हाला हे करायला कोणी सांगितलं? एकाने खिशातून प्लास्टिकच्या आवरणातलं ओळखपत्र काढलं. फोटो, गोल शिक्का, सही. तारीख कुठेच नव्हती. कधी दिलं, कधीपर्यंत चालेल, काहीच नाही.

ते दोघं वाईट होते असं मी म्हणणार नाही. नंतर बोलणं झालं तेव्हा कळलं की एकाच्या आईची साखळी भर रस्त्यात खेचली गेली होती, म्हणून तो या कामात आला. कारण खरं आहे, त्याबद्दल आदर वाटावा असंही आहे. माझं भांडण त्याच्याशी नाही. त्याच्या अंगात जाकीट चढवताना त्याला कोणी काही सांगितलं नाही, याच्याशी आहे.

पोलिसांकडे माणसं कमी आहेत हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. पोलीस संशोधन व विकास विभागाच्या आकड्यांनुसार १ जानेवारी २०२० रोजी देशात लाख लोकसंख्येमागे मंजूर पोलीस होते सुमारे १९५ आणि प्रत्यक्षात होते सुमारे १५६. ठाण्याचं पोलीस आयुक्तालय १९८१ चं, नवी मुंबईचं १९९४ चं. त्यानंतर घोडबंदर पट्ट्यात, कळव्या-दिव्याला, खारघर-कामोठ्याला माणसांची किती भर पडली ते आपण रोज लोकलमध्ये अनुभवतो. त्यात सणांचा बंदोबस्त, टेंभी नाक्याची नवरात्र, दहीहंडी, निवडणुका. तेव्हा नागरिकांनी हात लावावा, असं पोलिसांना वाटणं साहजिक आहे. पण माणसं कमी आहेत हे भरती करण्याचं कारण आहे. रिकाम्या जागा फुकट्या जाकिटांनी भरायच्या ठरवल्या, तर भरतीची घाई कोणाला उरेल?

होमगार्डचं उदाहरण डोळ्यांसमोर आहे. ६ डिसेंबर १९४६ रोजी, दंगलींच्या त्या दिवसांत, मुंबई प्रांतात ही संघटना उभी राहिली. ब्रीदवाक्य 'निष्काम सेवा'. हेतू असा की नोकरीधंदा सांभाळणाऱ्या नागरिकाने अडीनडीला पोलिसांच्या पाठीशी उभं राहावं. आज बंदोबस्तात उभ्या असलेल्या होमगार्डला विचारा. कित्येकांसाठी तो दिवसाचा भत्ता म्हणजे घर चालवण्याचा आधार आहे, आणि काम मिळेल त्या दिवशीच तो मिळतो. शेवटी २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की होमगार्डचा कर्तव्यभत्ता पोलीस शिपायाच्या किमान वेतनाशी मिळताजुळता असावा. सेवा निष्काम आणि काम मात्र कायमचं, ही ओढाताण आपण सत्तर वर्षं चालवली. चौकात शिट्टी फुंकणारे वाहतूक वॉर्डन तर बहुतेक स्वयंसेवकही नसतात, कोणत्या ना कोणत्या ठेकेदाराने लावलेली पगारी पोरं असतात. लोकांना हा फरक कळत नाही, आणि तो कळू नये अशीच त्यांच्या कपड्यांची रचना असते की काय, अशी मला शंका आहे.

आता कायदा. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम २१ मध्ये 'विशेष पोलीस अधिकारी' नेमण्याची सोय आहे. दंगल किंवा मोठी अशांतता होण्याची भीती असेल आणि नेहमीचं बळ अपुरं पडणार असेल, तेव्हा लेखी आदेशाने नेमणूक करायची, प्रमाणपत्र द्यायचं. अशा माणसाला पोलिसाचे अधिकार मिळतात आणि त्याबरोबर पोलिसाची जबाबदारीही मिळते. (मूळ मजकुरात १८ ते ५० वयाच्या धडधाकट पुरुषाचीच कल्पना आहे, बायका तेव्हा कायद्याच्या नजरेला दिसल्याच नाहीत.) नुसत्या ओळखपत्रवाल्या पोलीस मित्राला यातलं काही लागू होत नाही. त्याचे अधिकार तुमच्या-माझ्याएवढेच. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४० सांगतं की डोळ्यांदेखत दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा घडला, तर कोणीही नागरिक गुन्हेगाराला पकडू शकतो, पण सहा तासांच्या आत त्याला पोलिसांच्या ताब्यात दिलं पाहिजे. पार्सलवाल्याची बॅग तपासणं यात बसत नाही, गाडीची चावी काढणं बसत नाही, भाडेकरार मागणं तर नाहीच नाही. जाकीट अधिकार देत नाही, नुसता अधिकाराचा भास देतं. समोरचा गरीब असला, परगावचा असला, की भासावरही काम भागतं.

हा भास कुठवर जातो हे आपण दोनदा पाहिलं आहे. १ जुलै २०१८, धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाइलवर फिरत होती. बाजारात आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना लोकांनी ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठेचून मारलं. १६ एप्रिल २०२०, टाळेबंदीचे दिवस, पालघर जिल्ह्यातलं गडचिंचले. २०१४ पर्यंत तो आमचाच ठाणे जिल्हा होता. चोरांच्या अफवेने गावंच्या गावं रात्री पहारा देत होती. रस्त्याने जाणारे दोन साधू आणि त्यांचा चालक जमावाच्या हाती सापडले आणि पोलिसांसमोर मारले गेले. या दोन्ही ठिकाणी कोणी पोलीस मित्र म्हणून जमलं नव्हतं, हे मान्य. पण आपण गावाचं रक्षण करतोय अशीच त्यांची समजूत होती. 'संशयित दिसला की कळवा' असं आपण सहज म्हणतो, पण संशयित दिसतो कसा? आपल्या देशात १८७१ ते १९५२ पर्यंत कित्येक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवणारा कायदा होता. कायदा गेला, नजर गेली नाही. स्वयंसेवकाला प्रशिक्षण द्यायचं तर पहिल्याच तासाला हे सांगायला हवं. लाठी कशी धरायची ते राहिलं तरी चालेल.

मग नागरिकांनी पोलिसांपासून लांबच राहावं का? अजिबात नाही. उलट, नागरिक पोलिसांच्या सोबत नीट उभे राहिले तर काय होतं, याचा धडा ठाणे आयुक्तालयाच्याच हद्दीत लिहिला गेला. भिवंडीत १९७० ला मोठी दंगल झाली, तिच्यावर न्यायमूर्ती मादन यांचा आयोग बसला. १९८४ ला पुन्हा झाली, ती ठाण्या-मुंबईपर्यंत पसरली आणि अडीचशेहून जास्त माणसं गेली. १९८८ मध्ये सुरेश खोपडे तिथे उपायुक्त म्हणून आले. शांतता समित्या त्याआधीही होत्या, पण त्यांची तऱ्हा ठरलेली. तणाव वाढला की पुढाऱ्यांना बोलवायचं, चहा पाजायचा, 'सर्वांनी शांतता राखावी' असं पत्रक काढायचं. खोपड्यांनी वस्तीवस्तीत मोहल्ला समित्या उभ्या केल्या, सुमारे सत्तर. दोन्ही धर्मांची साधी माणसं त्यात घेतली. बैठका नियमित, दंगल असो वा नसो. नळावरची भांडणं, शेजाऱ्याचा त्रास, असल्या किरकोळ तक्रारी तिथल्या तिथे मिटू लागल्या. पोलीस आपलं ऐकून घेतो, एवढा विश्वास लोकांत आला. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत होती तेव्हा यंत्रमागांचं हे गाव शांत राहिलं. त्याचं सगळं श्रेय समित्यांना देणं भाबडेपणाचं होईल, पण त्या वगळून ते कोडं सुटतही नाही. मुंबईत दंगलीनंतर ज्या मोहल्ला समित्या निघाल्या, त्यांच्या डोळ्यांसमोर हेच उदाहरण होतं.

या समित्यांतल्या माणसांकडे ना जाकीट होतं ना शिट्टी. त्यांच्याकडे बोलायची जागा होती, आणि समोर बसलेला अधिकारी ते लिहून घेत होता. वस्तीतली गोष्ट पोलिसांपर्यंत जायची आणि पोलिसांची गोष्ट वस्तीपर्यंत यायची. माझं सगळं म्हणणं एवढ्यावर उभं आहे. आजच्या योजनांमध्ये बहुतेकदा एकच दिशा शिल्लक राहिली आहे. पोलीस ठाण्यातून निरोप सुटतो, मोबाइलवरच्या गटावर येतो, मित्रांनी हजर व्हायचं. 'साहेब, आमच्या गल्लीत तुमचाच एक शिपाई हातगाडीवाल्यांकडून पैसे घेतो' असं सांगायला त्या गटात जागा आहे का? सांगणारा दुसऱ्या दिवशी गटात राहील का?

भिवंडीची दुसरी बाजूही लपवायला नको. ५ जुलै २००६ ला एका पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून त्याच शहरात दंगल उसळली. गोळीबारात दोन नागरिक गेले आणि जमावाने दोन पोलीस शिपायांना ठार मारलं. समिती ही हापशीसारखी असते. रोज हलवली तर पाणी येतं, दोन उन्हाळे नुसती ठेवली तर दांडा मारून हात दुखतात.

नागरिकाने तपासात हातभार लावायची एक फार जुनी पद्धत आपल्याकडे आहे, आणि तिच्याबद्दल पोलीस मित्रांच्या मेळाव्यात कोणी बोलत नाही. पंच. झडती असो की जप्ती, त्याच वस्तीतले स्वतंत्र आणि प्रतिष्ठित लोक साक्षीला लागतात. कोणी यायला तयार नसतं, कारण पुढे कोर्टाच्या तारखा. मग पोलीस ठाण्याच्या आसपास वावरणारी, नेहमीची, सही करायला तयार असलेली माणसं सापडतात. बचाव पक्षाचा वकील उलटतपासात पहिला प्रश्न तोच विचारतो: याआधी किती प्रकरणांत पंच होतात? पंच पोलिसांच्या घरचा निघाला की पंचनाम्याचं वजन गेलंच म्हणून समजा. म्हणजे आपल्या न्यायव्यवस्थेने हे कधीच ओळखलं होतं: नागरिकाच्या मदतीला किंमत येते ती तो पोलिसांचा माणूस नसल्यामुळे. ओळखपत्र वाटून आपण नेमकी तीच किंमत उतरवतो.

ओळखपत्र कोणाला मिळतं, हाही अवघड प्रश्न आहे. अमेरिकेत ओक्लाहोमा राज्यातल्या टल्सामध्ये २ एप्रिल २०१५ ला ७३ वर्षांचा एक विमा व्यावसायिक राखीव स्वयंसेवक म्हणून शेरीफच्या कार्यालयाच्या, म्हणजे तिथल्या पोलिसांच्या, कारवाईत सामील होता. विजेचा झटका देणारं हत्यार समजून त्याने पिस्तूल चालवलं आणि जमिनीवर दाबून धरलेला निःशस्त्र माणूस मेला. या गृहस्थाने त्या कार्यालयाला गाड्या आणि उपकरणं देणगी म्हणून दिली होती. पुढे त्याला चार वर्षांची शिक्षा झाली. आपल्याकडे स्वयंसेवकाच्या हाती पिस्तूल कोणी देत नाही, देवाची कृपा. पण नाक्यावरच्या बॅरिकेडवर सराफाचं किंवा बिल्डरचं नाव आपण रोज वाचतो. ज्याने बॅरिकेड दिले त्याच्या भाच्याने ओळखपत्र मागितलं तर नाही म्हणणारा अधिकारी किती काळ टिकेल? नगरसेवक होण्याची तयारी करणाऱ्या तरुणाच्या फ्लेक्सवर 'पोलीस मित्र' ही पदवी मी स्वतः पाहिली आहे, 'समाजसेवक' आणि 'उद्योजक' यांच्या बरोब्बर मधे.

मुलांचं काय करायचं, हा वेगळा विषय आहे आणि इथे मी जास्त कडवा आहे. आरएसपीचा, म्हणजे शाळेच्या रोड सेफ्टी पेट्रोल पथकाचा, गणवेश घालून शाळेसमोरचा रस्ता ओलांडून देणारी मुलं मला आवडतात. केरळने २०१० मध्ये स्टुडंट पोलीस कॅडेट योजना सुरू केली आणि २०१८ मध्ये केंद्राने आठवी-नववीच्या मुलांसाठी ती देशभर न्यायचं ठरवलं. तिचा गाभा चांगला आहे: कायदा म्हणजे काय, पोलीस ठाणं आतून कसं चालतं, तक्रार कशी करायची. मुलांकडून पोलिसांचं काम करून घेणं त्यात अपेक्षित नाही. पण उत्साही अधिकारी आणि त्याहून उत्साही मुख्याध्यापक एकत्र आले की मुलं मिरवणुकीच्या गर्दीत दोरीला लावली जातात, त्यांना व्यसन करणाऱ्यांची माहिती आणायला सांगितलं जातं. चौदा वर्षांच्या मुलाला शेजारच्या काकांवर नजर ठेवायला शिकवणं मला गैर वाटतं, मग ते काका गांजा का ओढेनात.

शिवाय मुलांच्या सुरक्षिततेचा मुद्दा. लॉस एंजेलिसमध्ये २०१७ साली पोलिसांच्या कॅडेट मुलांनी गस्तीच्या गाड्या पळवल्याचं उघड झालं, तेव्हा वर्तमानपत्रांना गंमत वाटली. चौकशीत एका पोलीस अधिकाऱ्याचे पंधरा वर्षांच्या कॅडेट मुलीशी लैंगिक संबंध असल्याचं बाहेर आलं आणि त्याला अटक झाली. अमेरिकेत तरुणांसाठीच्या अशा पोलीस उपक्रमांत लैंगिक शोषणाची प्रकरणं पुन्हा पुन्हा निघाली आहेत. गणवेशाचा दरारा, एकांत, आणि 'साहेब खूश राहिले पाहिजेत' ही भावना. हे आपल्याकडे होणार नाही असं ज्याला वाटतं, त्याने आपल्या मुलीला एकटीला रात्रीच्या गस्तीला पाठवून पाहावं. मूल पोलिसांबरोबर असताना शाळेचा एक शिक्षक सतत सोबत हवा, आणि संध्याकाळी मूल घरी हवं, हे नियम लेखी असायला काय हरकत आहे?

आणि या योजनेत मुलं कोणती घ्यायची? ठाण्यात तीन हात नाक्याच्या उड्डाणपुलाखाली २०१६ पासून सिग्नल शाळा भरते. सिग्नलवर गजरे आणि खेळणी विकणाऱ्या मुलांची शाळा, त्यांत कितीतरी पारधी घरांतली. या मुलांनी पोलीस आजवर कसा पाहिला असेल? हातातल्या टोपलीवर काठी आपटणारा. एखाद्या पोलीस निरीक्षकाने महिन्यातून एक सकाळ तिथे जाऊन बसावं, त्या मुलांना पोलीस ठाण्यात बोलवावं, तिथली रोजची नोंदवही, म्हणजे स्टेशन डायरी, दाखवावी. नामांकित शाळेच्या मुलांच्या संचलनापेक्षा याचा फोटो कमी छान येईल. उपयोग जास्त होईल.

मोठ्या माणसांसाठी कामं भरपूर आहेत आणि त्यांतल्या एकालाही शिट्टी लागत नाही. नेरूळ-वाशीच्या सेक्टरांमध्ये एकटे राहणारे म्हातारे किती आहेत ते तिथल्या विरंगुळा केंद्रात जाऊन विचारा. मुलं परदेशात, बँकेत आयुष्यभराची पुंजी, आणि फोनवर कोणीतरी सीबीआयचा अधिकारी बनून 'तुम्हाला डिजिटल अरेस्ट झाली आहे' म्हणून धमकावतं. असला अटकेचा प्रकार कायद्यात नाही हे त्यांना शांतपणे सांगणारा, पैसे गेलेच तर पहिल्या तासाभरात सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर फोन लावून देणारा शेजारी हवा. केंद्राच्या सायबर स्वयंसेवक योजनेत तीन प्रकार आहेत: बेकायदेशीर मजकूर दाखवून देणारे, जागृती करणारे आणि तज्ज्ञ. दुसऱ्याला माझा पूर्ण पाठिंबा, पहिल्याला अजिबात नाही; कोणाची पोस्ट बेकायदेशीर हे शेजाऱ्याने ठरवायचं म्हटलं की जुनी पार्किंगची भांडणं नव्या वाटेने बाहेर पडतील. तक्रार द्यायला आलेल्या बाईबरोबर पोलीस ठाण्यात बसणं, अर्ज लिहून देणं, तिला पोचपावती मिळेपर्यंत न हलणं, हेही पोलिसांना मदत करणंच आहे. काही अधिकाऱ्यांना ते मदतीसारखं वाटणार नाही, तो भाग वेगळा.

यावर नेहमी येणारं उत्तर मला ठाऊक आहे. इतके नियम केले तर कोण येईल? मी म्हणतो, आमच्या त्या हवालदारांकडे कुठली नियमावली होती? एक वही होती. पट्टी किती वाजता दिली, किती वाजता परत आली, कोणाची सही. आज तेच करायचं तर ओळखपत्रावर सुरू होण्याची आणि संपण्याची तारीख, कामाचं नाव आणि 'धारकास झडती, चौकशी किंवा दंडवसुलीचा अधिकार नाही' ही एक ओळ मराठीत छापायची, ज्याला अडवलं त्याला वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरांत. आणि कोणाला ओळखपत्रं दिली त्याची यादी पोलीस ठाण्याच्या फलकावर लावायची.

त्या रात्रीनंतर मी हीच यादी मागायला पोलीस ठाण्यात गेलो होतो. अधिकारी सभ्य होते, बसा म्हणाले, चहा मागवला. यादी अशी नाही हो, पण ग्रुप आहे ना, असं म्हणत त्यांनी मोबाइल माझ्याकडे वळवला. दोनशेच्या वर माणसं होती. त्यातले ओळखपत्रवाले किती, सोडून गेलेले किती, हे त्यांनाही सांगता येईना. तीन वर्षांपूर्वीच्या गणपतीला दिली होती काही कार्डं, ती परत घ्यायची राहून गेली, म्हणाले.

तो पार्सलवाला मुलगा अजून आमच्या संकुलात येतो. जाकीटवाले हल्ली फाटकाशी नसतात. तरी तो पोचला की कोणी काही विचारायच्या आत बॅगेची चेन उघडून उभा राहतो.